योहान हाइन्रिख लँबर्ट

योहान हाइन्रिख लँबर्ट (२६ ऑगस्ट, १७२८ – २५ सप्टेंबर, १७७७) हे अठराव्या शतकातील गणितज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ, खगोलशास्त्रज्ञ आणि तत्त्वचिंतक होते. प्रकाशमापन या शास्त्रशाखेच्या संस्थापकांमध्ये त्यांची गणना होते. पृष्ठभागावर पडलेल्या प्रकाशाचा किती हिस्सा परत फिरतो हे सांगणारी आल्बेडो ही संज्ञा त्यांनीच शास्त्रात रूढ केली. पाय (π) ही संख्या अपरिमेय असल्याची पहिली सिद्धता, नकाशांचे नवे प्रक्षेप, धूमकेतूंच्या कक्षांविषयीचे प्रमेय आणि अपास्तीय फलनांचा पद्धतशीर अभ्यास ही त्यांची इतर महत्त्वाची कामे होत.

लँबर्ट यांच्या हयातीत एकही लघुग्रह ज्ञात नव्हता. तरीही अवकाशयानांनी टिपलेल्या छायाचित्रांवरून लघुग्रह सूर्यप्रकाश कसा परावर्तित करतात याचे जे मोजमाप आज केले जाते, त्याचे मूळ एकक लँबर्ट यांच्या १७६० मधील ग्रंथात सापडते. बाराव्या वर्षी शाळा सोडावी लागलेल्या एका शिंप्याच्या मुलाने स्वयंअध्ययनाने केलेले हे काम आहे.

जन्म आणि बालपण

लँबर्ट यांचा जन्म मुलहाउस (आजचे मुलूझ) या गावी झाला. आज हे शहर फ्रान्सच्या आल्सास प्रांतात आहे. त्या काळी ते स्विस संघाशी मैत्रीचा करार असलेले स्वतंत्र नगरराज्य होते. धर्मछळाला कंटाळून लोरेनमधून तेथे आलेल्या प्रोटेस्टंट घराण्यांपैकी लँबर्ट यांचे घराणे होते. आजोबा आणि वडील दोघेही शिंपी होते. घरात पाच मुलगे आणि दोन मुली असल्याने प्राप्ती तोकडी पडे. योहान यांना बाराव्या वर्षी शाळा सोडून वडिलांच्या हाताखाली शिवणकामाला बसावे लागले.

शाळा सुटली, पण अभ्यास सुटला नाही. दिवसभराचे काम उरकल्यावर मिळेल त्या पुस्तकावरून ते गणित शिकत. अक्षर सुंदर असल्यामुळे पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांना जवळच्या एका लोखंडाच्या कारखान्यात हिशेबनीसाचे काम मिळाले. १७४४ साली आकाशात एक अतिशय तेजस्वी धूमकेतू दिसला. त्याच्या मार्गाचे गणित मांडता येईल का, या प्रश्नाने त्यांना झपाटले. पुढे आयुष्यभर धूमकेतू हा त्यांच्या आवडीचा विषय राहिला.

सतराव्या वर्षी ते बाझेल येथे योहान रुडॉल्फ इझेलिन यांचे लेखनिक झाले. इझेलिन हे वृत्तपत्राचे संपादक होते. या नोकरीत मोकळा वेळ मिळे. त्या वेळात लँबर्ट यांनी गणित, भौतिकशास्त्र आणि तत्त्वज्ञान या विषयांचा पाया पक्का केला. १७४७ मध्ये वडिलांचे निधन झाले.

खुर येथील दहा वर्षे

१७४८ मध्ये पूर्व स्वित्झर्लंडमधील खुर या गावी पीटर फॉन झालिस या सरदारांच्या घरी मुलांचे शिक्षक म्हणून लँबर्ट यांची नेमणूक झाली. झालिस यांचा ग्रंथसंग्रह मोठा होता. विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेल्या या तरुणाला तेथे अभ्यासाची खरी संधी मिळाली. तेथील दहा वर्षांत मुलांना शिकवता शिकवता त्यांनी स्वतःचे शिक्षण पूर्ण केले. वेधासाठी लागणारी उपकरणेही ते हातानेच तयार करीत. १७५२ पासून आपण कोणत्या महिन्यात कोणत्या प्रश्नावर काम केले याची नोंदवही ठेवण्यास त्यांनी सुरुवात केली आणि ही शिस्त अखेरपर्यंत पाळली.

१७५६ मध्ये आपल्या दोन विद्यार्थ्यांसह ते युरोपच्या शिक्षणप्रवासास निघाले. ग्योटिंगेन, उट्रेख्ट, पॅरिस, मार्सेय, तुरिन आणि मिलान अशी ठिकाणे या प्रवासात झाली. पॅरिसमध्ये त्यांची द’आलाँबेर यांच्याशी भेट झाली. प्रवास चालू असतानाच १७५८ मध्ये हवेतून जाणाऱ्या प्रकाशाच्या मार्गाविषयीचे त्यांचे पहिले पुस्तक हेग येथे प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी यथादर्शन चित्रणाच्या भूमितीवरील पुस्तक झुरिक येथून निघाले. त्यानंतर ते आउग्सबुर्ग येथे राहावयास गेले.

फोटोमेट्रिया (१७६०)

आउग्सबुर्ग येथे १७६० मध्ये लँबर्ट यांचा फोटोमेट्रिया हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रकाश कसा वळतो, त्याचे परावर्तन आणि अपवर्तन कोणत्या कोनात होते, याचे शास्त्र तोवर बरेच पुढे गेले होते. प्रकाश किती आहे, हे मात्र कोणी नीट मोजले नव्हते. फ्रेंच शास्त्रज्ञ पियेर बूगेर यांनी १७२९ मध्ये या दिशेने पहिले प्रयत्न केले होते. लँबर्ट यांनी या विषयाला व्याख्या, नियम आणि गणित यांची चौकट दिली.

मापनाचे एकमेव साधन म्हणजे माणसाचा डोळा, ही मुख्य अडचण होती. एक दिवा दुसऱ्याच्या किती पट तेजस्वी आहे हे डोळ्याला सांगता येत नाही. परंतु शेजारी शेजारी असलेले दोन भाग सारखेच उजळलेले आहेत की नाहीत, हे डोळा चांगले ओळखतो. लँबर्ट यांनी डोळ्याच्या याच गुणाचा उपयोग केला. पांढऱ्या पडद्याचा अर्धा भाग एका प्रकाशाने आणि उरलेला अर्धा दुसऱ्या प्रकाशाने उजळावयाचा, मध्ये आडोसा धरावयाचा आणि दोन्ही भाग सारखे दिसेपर्यंत दिव्यांची अंतरे बदलावयाची, अशी ती पद्धत होती. अंतरे मोजली की तेजाचे गुणोत्तर गणिताने निघते. मेणबत्त्या, काचेची तावदाने, भिंगे, कागद आणि आरसे एवढ्याच सामग्रीवर त्यांनी प्रयोगांची मालिका पार पाडली.

या ग्रंथातील मुख्य निष्कर्ष पुढीलप्रमाणे आहेत.

पहिला, प्रकाशाच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की पडद्यावरील प्रकाश एकचतुर्थांश होतो. म्हणजेच तो अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो.

दुसरा, प्रकाश तिरपा पडला तर पृष्ठभाग कमी उजळतो आणि हे कमी होणे आपाती कोनाच्या कोज्येच्या प्रमाणात असते. यालाच लँबर्ट यांचा कोज्या नियम म्हणतात. दुपारच्या उन्हापेक्षा सकाळचे तिरपे ऊन सौम्य का भासते, याचे एक कारण या नियमात आहे.

तिसरा, पारदर्शक पदार्थातून जाताना समान जाडीच्या प्रत्येक थरात प्रकाशाचा सारखाच अंश शोषला जातो. हा नियम बूगेर यांनी आधी मांडला होता. १८५२ मध्ये आउगुस्ट बेअर यांनी द्रावणाच्या तीव्रतेचा विचार करून त्यात भर घातली. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेला बिअर–लँबर्ट नियम तो हाच.

चौथी गोष्ट म्हणजे आल्बेडो. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ शुभ्रपणा असा आहे. पृष्ठभागावर पडलेल्या एकूण प्रकाशापैकी जेवढा अंश परत विखुरला जातो त्या अंशास लँबर्ट यांनी हे नाव दिले. सर्व प्रकाश शोषून घेणाऱ्या पदार्थाचा आल्बेडो शून्य आणि सर्व प्रकाश परत करणाऱ्याचा एक. शुभ्रपणा ही तोवर केवळ डोळ्याला जाणवणारी गोष्ट होती. ती संख्येत मांडण्याची सोय या व्याख्येने झाली.

याच विवेचनात लँबर्ट यांनी एका आदर्श पृष्ठभागाची कल्पना केली. आरसा प्रकाश एकाच दिशेने परतवतो. चुन्याने रंगवलेली भिंत किंवा खरखरीत पांढरा कागद तो सर्व दिशांना विखुरतो आणि म्हणून कोणत्याही बाजूने पाहिले तरी जवळजवळ सारखाच उजळ दिसतो. हा गुण ज्याच्या ठिकाणी पूर्णत्वाने आहे, अशा पृष्ठभागास आज लँबर्ट पृष्ठभाग म्हणतात. असा पदार्थ निसर्गात तंतोतंत सापडत नाही. तुलनेसाठी मात्र तो अत्यंत उपयुक्त ठरला.

विश्वरचना आणि धूमकेतू

१७६१ हे वर्ष लँबर्ट यांच्या आयुष्यातील विलक्षण फलदायी वर्ष होते. त्या वर्षी विश्वरचनेविषयीची पत्रे हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आकाशगंगा ही ताऱ्यांची चपटी तबकडी असून आपला सूर्य तिच्यातील एक तारा आहे, असे प्रतिपादन त्यात आहे. इमॅन्युएल कांट यांनी १७५५ मध्ये असाच विचार मांडला होता. मात्र लँबर्ट त्याविषयी अनभिज्ञ होते.

याच ग्रंथात त्यांनी मंगळ आणि गुरू यांच्यामधील मोठ्या रिकाम्या जागेकडे लक्ष वेधले. तेथे पूर्वी असलेले ग्रह आता नाहीसे तर झाले नसतील ना, अशी शंका त्यांनी बोलून दाखवली. त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे तेवीस वर्षांनी, १ जानेवारी, १८०१ रोजी जुझेप्पे पियात्सी यांना याच जागेत सेरेस सापडला आणि लघुग्रहांच्या शोधाला आरंभ झाला.

धूमकेतूंच्या कक्षांवरील पुस्तकही १७६१ चेच. कक्षेवरील एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत जाण्यास लागणारा वेळ हा फक्त तीन गोष्टींवर अवलंबून असतो, हे त्यातील प्रमेय होय. कक्षेचा अर्धदीर्घ अक्ष, दोन बिंदूंच्या सूर्यापासूनच्या अंतरांची बेरीज आणि त्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेची लांबी या त्या तीन गोष्टी. अन्वस्त कक्षेसाठी ऑयलर यांनी हे आधी दाखवले होते. लँबर्ट यांनी ते लंबवर्तुळासही लागू केले. आरंभीचे स्थान, शेवटचे स्थान आणि प्रवासाचा वेळ दिला असता मधली कक्षा शोधण्याच्या प्रश्नास आज लँबर्ट यांचा प्रश्न असेच नाव आहे. पृथ्वीवरून निघालेले यान ठरलेल्या दिवशी मंगळाजवळ किंवा एखाद्या लघुग्रहाजवळ पोहोचावयाचे असेल, तर मोहिमेच्या आखणीत हाच प्रश्न प्रथम सोडवावा लागतो.

बर्लिन येथील कार्य

म्युनिक येथे नव्याने स्थापन झालेल्या बव्हेरियन अकादमीशी लँबर्ट यांचा काही काळ संबंध होता. तेथील मंडळींशी न पटल्याने तो तुटला. त्यानंतर काही काळ सीमामोजणीचे काम करून १७६४ च्या आरंभी ते बर्लिन येथे आले. तेथे ऑयलर आणि झुल्त्सर या स्विस विद्वानांनी त्यांचे स्वागत केले.

प्रशियाचा राजा फ्रेडरिक (दुसरा) याच्याशी झालेली त्यांची पहिली भेट मात्र फसली. लँबर्ट यांचा पोशाख विचित्र, वागणे दरबारी रीतीला सोडून आणि बोलणे सरळ होते. आपल्याला काय काय येते या प्रश्नावर त्यांनी सर्वकाही असे उत्तर दिले आणि कोणाकडून शिकलात या प्रश्नावर स्वतःकडून असे सांगितले, अशी आख्यायिका आहे. राजाचे त्यांच्याविषयी प्रतिकूल मत झाले आणि नेमणूक लांबणीवर पडली. जानेवारी १७६५ मध्ये अखेर ते प्रशियाच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. पुढे राजाचेही मत बदलले. बर्लिनमधील बारा वर्षांत लँबर्ट यांनी दीडशेच्या वर निबंध लिहिले.

पाय ही संख्या अपरिमेय आहे, म्हणजे ती दोन पूर्णांकांच्या गुणोत्तराच्या रूपात मांडता येत नाही, हे त्यांनी परंपरित अपूर्णांकांच्या साहाय्याने सिद्ध केले. कोन शून्याखेरीज कोणतीही परिमेय संख्या असेल तर त्याची स्पर्शज्या अपरिमेय असते, असे त्यांनी प्रथम दाखवले. पायच्या एकचतुर्थांश कोनाची स्पर्शज्या एक, म्हणजे परिमेय आहे. तेव्हा पाय परिमेय असू शकत नाही. ही सिद्धता १७६८ मध्ये छापली गेली. पाय ही बीजातीत संख्याही असावी हा त्यांचा तर्क १८८२ मध्ये लिंडमान यांनी खरा ठरवला.

समांतर रेषांविषयीच्या यूक्लिडच्या गृहीतकावर त्यांनी १७६६ मध्ये लिहिलेला प्रबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७८६ मध्ये प्रकाशित झाला. अयूक्लिडीय भूमितीच्या इतिहासात तो महत्त्वाचा मानला जातो. १७७२ मध्ये त्यांनी नकाशांच्या प्रक्षेपांवर लिहिले. त्यातील शंक्वाकार समरूप प्रक्षेप आजही जगभर, विशेषतः वैमानिकांच्या नकाशांसाठी, वापरला जातो. त्याच वर्षी रंगांच्या मिश्रणाची सुसंगत मांडणी करणारा रंगांचा पिरॅमिड त्यांनी प्रसिद्ध केला. हवेतील आर्द्रता आणि उष्णता यांच्या मापनावरही त्यांनी काम केले. बर्लिन येथील खगोलीय वार्षिकाच्या स्थापनेत योहान बोडे यांच्यासह त्यांचा वाटा होता.

तत्त्वज्ञानात नवे ऑर्गनॉन (१७६४) हा त्यांचा मुख्य ग्रंथ होय. कांट यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि कांट यांना त्यांच्याविषयी मोठा आदर होता.

लँबर्ट अविवाहित राहिले. क्षयरोगाने प्रकृती ढासळत असतानाही त्यांनी लेखन थांबवले नाही. उष्णतामापनावरील ग्रंथाचे काम हातावेगळे झाल्यानंतर थोड्याच काळाने, २५ सप्टेंबर, १७७७ रोजी वयाच्या ४९ व्या वर्षी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले. तो ग्रंथ १७७९ मध्ये प्रकाशित झाला.

लँबर्ट यांच्या नियमाची मर्यादा

चंद्र आणि ग्रह हे लँबर्ट पृष्ठभागासारखे वागतात काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात पुढे आला. लँबर्ट यांचा नियम पाळणारा गोल समोरून उजळला असता मध्यभागी तेजस्वी आणि कडेकडे मंद होत गेलेला दिसावयास हवा, कारण कडेवर सूर्यप्रकाश तिरपा पडतो. कोजागरीच्या रात्री चंद्राकडे पाहिले तर असे आढळत नाही. पूर्णचंद्राची तबकडी मध्यापासून कडेपर्यंत जवळजवळ सारखीच उजळ असते आणि म्हणूनच तो चेंडूपेक्षा ताटासारखा भासतो. दुसरी विसंगती अशी की, लँबर्ट यांच्या नियमानुसार अष्टमीच्या अर्ध्या चंद्राचे तेज पौर्णिमेच्या सुमारे एकतृतीयांश असावयास हवे. प्रत्यक्षात ते जेमतेम दहावा हिस्सा असते.

१८६५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ त्सॉयल्नर यांनी काळजीपूर्वक मापने करून हा फरक दाखवून दिला. त्याचे कारण चंद्राच्या पृष्ठभागाच्या घडणीत आहे. चंद्रावर बारीक धूळ, खडे आणि खळगे आहेत. तिरप्या उन्हात प्रत्येक कणाची सावली शेजारच्या कणावर पडते आणि एकूण तेज घटते. सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीमागे असला की या सावल्या कणांच्याच आड लपतात आणि तेज एकाएकी वाढते. शनीच्या कड्यांच्या संदर्भात हे स्पष्टीकरण फॉन झेलिगर यांनी १८८७ मध्ये दिले. लघुग्रहांमध्येही असेच होते, हे टॉम गेरेल्स यांनी १९५६ मध्ये मासालिया या लघुग्रहाच्या निरीक्षणावरून दाखवले.

यावरून लँबर्ट यांचा नियम निरुपयोगी ठरला असे मात्र नाही. खरा पृष्ठभाग आदर्शापासून किती ढळतो, यावरूनच त्या पृष्ठभागाची घडण कळते आणि ढळणे मोजावयाचे तर आदर्श आधी हाताशी असावा लागतो.

लघुग्रहांच्या मापनातील उपयोग

दुर्बिणीतून पाहताना बहुतेक लघुग्रह केवळ प्रकाशाचे ठिपके दिसतात. ठिपक्याचे तेज मोजता येते. ते ज्या प्रतींमध्ये सांगितले जाते त्यांची आजची श्रेणी नॉर्मन पॉग्सन यांनी १८५६ मध्ये सुचवली. पॉग्सन यांनीच पुढे १८६१ मध्ये मद्रास वेधशाळेतून एक लघुग्रह शोधला आणि आशिया खंडातून लागलेला तो पहिलाच शोध म्हणून त्याला एशिया असे नाव दिले.

परंतु तेजावरून आकार ठरत नाही. मोठा काळा दगड आणि लहान पांढरा दगड दुरून सारखेच तेजस्वी दिसू शकतात. एका लघुग्रहाचा आल्बेडो ०.०४ आणि दुसऱ्याचा ०.३६ आहे, अंतर सारखे आहे आणि दोघांचे तेजही सारखे आहे, असे समजू. आल्बेडोमध्ये नऊपट फरक असल्याने पहिल्याचा व्यास दुसऱ्याच्या तिप्पट आणि घनफळ सत्तावीसपट निघेल. हा फरक केवळ पुस्तकी नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर अशाच आकाशस्थ पाषाणाच्या आघाताने बेसॉल्ट खडकात निर्माण झाले आहे. पृथ्वीजवळून जाणारा एखादा लघुग्रह किती हानी करू शकेल याचा अंदाज त्याच्या आकारावर आणि आकाराचा अंदाज आल्बेडोवर अवलंबून असतो.

पृथ्वीवरून पाहण्यात आणखी एक अडचण आहे. मंगळ आणि गुरू यांच्यामधील लघुग्रह नेहमी जवळजवळ समोरूनच उजळलेले दिसतात. सूर्य, लघुग्रह आणि निरीक्षक यांच्यामधील कोन, म्हणजे कलाकोन, साधारण तीस अंशांच्या पुढे जात नाही. या लघुग्रहांची अर्धी किंवा कोरीसारखी कला पाहावयाची असेल तर यानच पाठवावे लागते. गॅलिलिओ या यानाने २९ ऑक्टोबर, १९९१ रोजी गास्प्रा या लघुग्रहाची जवळून छायाचित्रे घेतली आणि हे युग सुरू झाले. त्यानंतर इडा (१९९३), माटिल्ड (१९९७), इरॉस (२०००), इटोकावा (२००५), व्हेस्टा (२०११), सेरेस (२०१५), र्‍यूगू आणि बेन्नू (२०१८) यांची जवळून पाहणी झाली.

यानाने पाठवलेले छायाचित्र म्हणजे मूलतः अंकांची जाळी असते. प्रत्येक चौकोनात किती प्रकाश जमा झाला हे त्या अंकावरून कळते. त्यातून कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष वजा करावे लागतात. त्यासाठी झाकलेल्या कॅमेऱ्याची, एकसारख्या उजळलेल्या पडद्याची आणि ज्ञात तेजाच्या ताऱ्यांची छायाचित्रे वापरतात. यानंतर मिळालेल्या प्रकाशाची तुलना एका काल्पनिक वस्तूशी केली जाते. लघुग्रहाच्या जागी, सूर्यापासून तेवढ्याच अंतरावर, सूर्याकडे सरळ तोंड करून ठेवलेला पूर्ण शुभ्र लँबर्ट पृष्ठभाग ही ती वस्तू होय. त्याचे तेज एक मानावयाचे आणि लघुग्रहाचा प्रत्येक भाग त्याच्या किती अंशाने उजळ आहे हे सांगावयाचे. लँबर्ट यांनी पडद्याच्या दोन अर्ध्या भागांची जी तुलना केली, तिचेच हे विस्तारित रूप आहे.

पुढची पायरी कोनांची. डोंगरउतारावरचा एखादा भाग काळसर दिसतो तो मुळात काळा आहे म्हणून की तेथे ऊन तिरपे पडते म्हणून, हे वेगळे करावे लागते. त्यासाठी अनेक बाजूंनी घेतलेल्या छायाचित्रांवरून लघुग्रहाचा त्रिमित आराखडा तयार करतात आणि प्रत्येक ठिकाणचा आपाती कोन, निरीक्षणाचा कोन आणि कलाकोन काढतात. मग लोमेल आणि झेलिगर, मिनार्ट किंवा हाप्के यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रांनी कोनांचा परिणाम बाजूला काढला जातो. या सूत्रांपैकी कित्येकांत लँबर्ट यांची कोज्या आजही एक घटक म्हणून येते. कलाकोनानुसार तेज कसे उतरते यावरून पृष्ठभागावर बारीक धूळ आहे की मोठे दगड, याचाही अंदाज बांधता येतो.

या मापनांनी लघुग्रहांमधील वैविध्य उघड केले. व्हेस्टा सुमारे ०.४ आल्बेडो असलेला, म्हणजे बराच उजळ आहे. सेरेसचा आल्बेडो सुमारे ०.०९ आहे. माटिल्ड आणि बेन्नू हे सुमारे ०.०४ आल्बेडोचे, कोळशासारखे काळे आहेत. डॉन या यानाच्या छायाचित्रांत सेरेसवरील ऑकेटर विवरात ठळक पांढरे ठिपके दिसले. सोडियम कार्बोनेटच्या क्षारांमुळे ते उजळ असल्याचे पुढे वर्णपटावरून कळले. व्हेस्टावर आढळलेले काळे पट्टे कार्बनयुक्त पाषाणांच्या आघातांतून आले असावेत असे मानले जाते. बेन्नूसारखा काळा लघुग्रह बहुतेक सूर्यप्रकाश शोषून घेतो आणि नंतर तो उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. या उत्सर्जनाच्या सूक्ष्म रेट्याने त्याची कक्षा हळूहळू बदलते. भविष्यात तो पृथ्वीच्या किती जवळून जाईल याच्या गणितात हा परिणाम धरावा लागतो.

प्रमुख ग्रंथ

प्रकाशमार्गाचे गुणधर्म (१७५८)
मुक्त यथादर्शन (१७५९)
फोटोमेट्रिया (१७६०)
धूमकेतूंच्या कक्षांचे गुणधर्म (१७६१)
विश्वरचनेविषयीची पत्रे (१७६१)
नवे ऑर्गनॉन (१७६४)
रंगांच्या पिरॅमिडचे वर्णन (१७७२)
पायरोमेट्री (१७७९, मरणोत्तर)
समांतर रेषांचा सिद्धांत (१७८६, मरणोत्तर)

सन्मान

चंद्रावरील वर्षासागर या प्रदेशातील सुमारे ३० किलोमीटर व्यासाच्या एका विवरास आणि मंगळावरील एका विवरास लँबर्ट यांचे नाव दिलेले आहे. प्रकाशमापनात तेजाच्या एका एककासही लँबर्ट हे नाव होते.

मार्सेय येथील वेधशाळेतून जेरोम कॉजिया यांनी ११ एप्रिल, १८७८ रोजी शोधलेल्या १८७ क्रमांकाच्या लघुग्रहाचे नाव लँबर्टा असे आहे. त्याचा व्यास सुमारे १३० किलोमीटर असून तो कार्बनयुक्त वर्गातील आहे. शुभ्रपणाला संख्या देणाऱ्या शास्त्रज्ञाच्या नावाचा हा लघुग्रह स्वतः मात्र अतिशय काळा आहे. त्याच्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशाचा अगदी थोडाच अंश परत फिरतो. तो अंश ज्या संज्ञेने सांगितला जातो, ती लँबर्ट यांचीच आहे.